विषय : कुत्रा शिवणेबाबत

बाबतरावांना चांगलं घसघशीत नाव होतं. दारावरच्या पितळी पाटीवर ते कोरलेलंही होतं. पण पाटी वाचून कोण हाक मारतो? एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळल्यामुळे त्यांच्या जिभेला 'बाबत' या शब्दाची अशी सवय लागली होती, की घरीसुद्धा ते "चहाबाबत काय ठरलं?" असंच विचारायचे. कचेरीने त्यांना बाबतराव केलं आणि सोसायटीने ते नाव काहीही चौकशी न करता दाखल करून घेतलं.

त्यांची खरी ख्याती होती ती पत्राच्या विषयाबाबत. (बघा, सांगणाऱ्यालाही सवय लागते.) विषय तीन शब्दांच्या वर गेला की तो विषय राहत नाही, त्याचं गाऱ्हाणं होतं, असं त्यांचं ठाम मत होतं. इमारतीच्या मागच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीला तडा जाऊन भिंतीत ओल आल्याचं एक चार ओळींचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं, तेव्हा त्यांनी 'टाकी गळणेबाबत' एवढंच लिहून ते वाटेला लावलं होतं. साहेबांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवून मान डोलावली होती. ती मान बाबतराव अजून विसरलेले नाहीत. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते बरंचसं या मानेपायी घडलं.

तर बॉबिन. बॉबिन हा कुत्रा. रंगाने तपकिरी, एक कान उभा, दुसरा पडलेला, वय सहा-सात. शिंप्याच्या कुत्र्याचं नाव दुसरं काय असणार? हा शिंपी म्हणजे बाबतरावांचे थोरले भाऊ, दादा. दादांनी लग्न केलं नाही, दुकान केलं. तीन खणांच्या त्या दुकानात ते मशीन चालवत म्हातारे झाले, आणि महिन्यापूर्वी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. मशीन त्यांनी आधीच एका शिवणवर्गाला देऊन ठेवायचं ठरवलं होतं, तसं ते गेलं. उरला कुत्रा आणि कापडाचं एक गाठोडं. शेजारचा घड्याळजी दोन्ही घेऊन बाबतरावांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दादांच्या मागे तुमच्याशिवाय आहे कोण?" ते खरंच होतं, आणि म्हणूनच ते ऐकायला जड गेलं.

कारण दादा आणि बाबतराव चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून म्हणाल, तर कोटावरून. निवृत्तीच्या समारंभासाठी बाबतरावांनी काचेच्या दारांच्या एका मोठ्या दुकानातून तयार कोट आणला. आणला तो आणला, वर दादांना म्हणाले, "साहेबलोक येणार आहेत, म्हणून म्हटलं जरा चांगल्या दुकानातून घ्यावा." 'चांगल्या' हा शब्द तोंडातून निसटला आणि परत आत घेता आला नाही. दादा समारंभाला आले, शेवटच्या रांगेत बसले. निघताना जवळ येऊन त्यांनी कोटाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, "खांद्यात ओढतोय," एवढं म्हणाले आणि गेले. त्यानंतर याने जायचं की त्याने यायचं, हा प्रश्न चार वर्षं विचाराधीन राहिला, आणि एक दिवस कायमचा निकालात निघाला.

आता दादांची म्हणावी अशी एकच जिवंत वस्तू उरली होती, आणि ती बाबतरावांच्या दारात तोंड बाहेर करून बसली होती. ती आपल्याकडे नांदावी, एवढंच बाबतरावांना हवं होतं. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. बायकोला ते न सांगताच कळलं होतं.

पण बॉबिनला नांदायचं नव्हतं. सकाळी नऊला तो दाराशी बसायचा आणि भुंकायला लागायचा. तीनदा भुंकायचा, थांबायचा, कान टवकारून ऐकायचा, पुन्हा तीनदा. हाक मारून उत्तराची वाट बघावी तसं चाललेलं असायचं. खायचा, पण कोणी बघत नसताना. आणि बाबतरावांनी हात पुढे केला की बरोबर हातभर मागे सरकायचा. जास्त नाही, कमी नाही, हातभर.

"अंगाला शिवू देत नाही तो तुम्हाला," बायको म्हणाली.

"तुला तरी कुठे देतो?"

"मला नाहीच देत. पण मी कुठे रोज उठून मनाला लावून घेते?"

चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींच्या शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं आणि एक शिट्टी असायची. शिट्टी त्यांनी आजवर एकदाही वाजवली नव्हती, पण ती आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी नोटीस हातात दिली. पंधरा दिवसांत कुत्र्याचं भुंकणं बंद न झाल्यास त्याला पालिकेच्या प्राणी निवाऱ्यात पाठवण्यात येईल. नोटिशीचा विषय अकरा शब्दांचा होता. एवढ्या दुःखातही बाबतरावांनी ते शब्द मोजले.

सल्ला द्यायला वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर हजर झाले. चाळीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी बसल्यामुळे डॉक्टर सोडून सगळ्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी बॉबिनला लांबूनच तपासलं आणि निदान केलं, "रिकामपण. कुत्र्याला उद्योग नाही. खेळणी द्या. चावू द्या. तोंड चावण्यात गुंतलं की भुंकणार कशाने?"

रबराचं बदक आणलं. दाबलं की ते ओरडायचं. बाबतरावांनी ते दाबून दाखवलं, एकदा नव्हे, चांगलं पाच-सहा वेळा, जमिनीवर गुडघे टेकून. बॉबिनने बदकाकडे पाहिलं, मग बाबतरावांकडे पाहिलं, आणि दोघांनाही सारखंच मोजून दाराकडे तोंड केलं.

"रबर नको," कंपाउंडर दुसऱ्या दिवशी म्हणाले. "कापडाचं हवं. ओळखीच्या कापडाचं, ओळखीच्या वासाचं. घरी शिवा."

ओळखीच्या वासाचं कापड म्हणजे दादांचं गाठोडं. प्रश्न शिवण्याचा होता. घरात मशीन होतं, बायकोचं, पायाने चालवायचं. पण गेली बारा वर्षं त्याच्यावर पांघरूण आणि पांघरुणावर टीव्ही होता. आणि खुद्द बायको बॉबिनच्या पाण्याच्या वाडग्यावरून घसरून उजवं मनगट प्लास्टरमध्ये घालून बसली होती. टीव्ही खाली उतरला. बाबतराव चष्मा पुसून मशीनवर बसले. आयुष्यात त्यांनी सुईला हात लावला होता तो फक्त कागदपत्रं ओवायला.

"आधी कापडाच्या दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवा," बायको डाव्या हाताने दाखवत म्हणाली. "उलट बाजूने शिवायचं. मग आतलं बाहेर काढायचं."

"आतलं बाहेर काढायचं तर आधी आत कशाला घालायचं?"

"तसंच असतं ते."

"नियम कुठे लिहिलाय?"

बायकोने हात टेकले, म्हणजे एकच टेकला, दुसरा प्लास्टरमध्ये होता. बाबतरावांनी पहिला उंदीर शिवला तो उलटाच ठेवला, आणि पुढची सगळी खेळणीही उलटीच राहिली. शिवणी बाहेर, रंग आत. त्या पहिल्या उंदरात त्यांच्या सदऱ्याची बाहीही शिवली गेली होती. ती सोडवेपर्यंत ते उंदरासकट घरभर फिरले, दार उघडून दूधवाल्याशी बोललेसुद्धा. दूधवाल्याने काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो दूध बाहेरच ठेवू लागला.

मात्र एक गोष्ट झाली. मशीनचं पायडल पहिल्यांदा खडखडलं आणि दाराशी चाललेलं भुंकणं मधेच थांबलं. बॉबिन उठला, सावकाश आत आला, मशीनखाली गेला आणि पायडलला पाठ लावून आडवा झाला. दोन तास त्याने तोंडातून आवाज काढला नाही. उंदीर त्याच्या नाकापुढे ठेवला होता. बाबतरावांनी उंदराकडे पाहिलं आणि त्यांची छाती भरून आली.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "उंदीर लागू पडला."

बायको मशीनखाली बघत होती. तिला दुसरंच काहीतरी दिसत होतं, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड आला होता, तो तिला इतक्यात घालवायचा नव्हता.

मग काय, कारखानाच सुरू झाला. सकाळी दहा ते बारा, संध्याकाळी चार ते सहा. बाबतरावांनी रजिस्टर घातलं. नग क्रमांक, स्वरूप, भरण, शेरा. नग एक : उंदीर. नग दोन : मासा. (कंपाउंडरांनी त्याला पान समजून खिडकीत लावा म्हणून सुचवलं.) नग तीन : हाड. (ते सेक्रेटरींच्या बायकोला चष्म्याचं घर वाटलं, आणि छान आहे म्हणून तिने एक मागितलंही.) एखादा नग शिवून संपला आणि मशीन थांबलं, की बॉबिन तासाभराने उठून पुन्हा दाराशी जायचा. बाबतरावांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की कुत्र्याला नवीन खेळणं हवं असतं. म्हणून ते पुढचा नग घ्यायचे. आठवड्यात तेरा नग झाले. गाठोडं उतरत चाललं.

चौदावा नग शिवायला त्यांनी गाठोड्यात खोल हात घातला तेव्हा राखाडी रंगाचं एक जाड, उंची कापड हाताला लागलं. खाली खाकी कागदात आणखी काही बांधलेलं होतं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. कापडावर खडूने लिहिलं होतं : 'धा. २४.' बाबतरावांना यात काहीच वावगं वाटलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी 'धा.' म्हणजे धारिका, म्हणजे फाइल, असंच वाचलं होतं. धारिका क्रमांक चोवीस. शिंप्याच्या दुकानातही कोणीतरी पद्धतशीर माणूस होता याचं त्यांना बरं वाटलं, आणि त्यांनी त्या कापडावर कात्री चालवली. त्याचं मोठं हाड झालं. खडू बाहेरच्या बाजूला राहिला.

याच सुमारास खालच्या मजल्यावरून तक्रार आली. तिथे शिकवणीच्या बाई राहायच्या. त्यांचं म्हणणं असं, की डोक्यावर खडखड सुरू झाली की मुलं पाढे त्या ठेक्यावर म्हणू लागतात, आणि मशीन थांबलं की सगळी एकाच ठिकाणी अडकतात. सतरा चोक अडुसष्टच्या पुढे वर्ग जाईना. सेक्रेटरी पुन्हा वर आले आणि म्हणाले, "राहत्या जागेत यंत्र चालवायचं तर कमिटीची परवानगी लागते. अर्ज द्या, लेखी. सविस्तर."

अर्ज म्हटल्यावर बाबतरावांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. चार वर्षांत त्यांना कोणी अर्ज मागितला नव्हता. त्यांनी रेघांचा कागद घेतला. पहिला मसुदा होता : 'पाळीव कुत्र्यासाठी घरगुती खेळणी शिवण्याकरिता राहत्या सदनिकेत शिवणयंत्र चालविणेस परवानगी मिळणेबाबत.' त्यांनी तो वाचला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. मग कापायला सुरुवात केली. परवानगी तर अर्जात असतेच, ती गेली. सदनिका गेली. यंत्राशिवाय कोणी शिवतं का? यंत्र गेलं. कुत्र्याला खेळणीच देणार, दुसरं काय देणार? खेळणी गेली. साहेबांची डोलणारी मान त्यांच्या डोळ्यांपुढे होती. शेवटी उरलं ते त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या.

'विषय : कुत्रा शिवणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार हा राहत्या जागेत दररोज चार तास स्वतः सदर काम करीत असून त्यामुळे भुंकणे जवळजवळ बंद झाले आहे. आजअखेर चौदा नग शिवून झाले. त्यांपैकी बिघडलेले दोन उसवून पुन्हा शिवण्यात आले. भरण म्हणून जुन्या गादीचा कापूस वापरला जातो. कामी पत्नी मार्गदर्शन करते. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.'

सेक्रेटरींनी तो अर्ज कमिटीच्या बैठकीत मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर दोघांनी हातातले चहाचे कप खाली ठेवले म्हणतात. मग कोणीतरी हळूच विचारलं, "चौदा?" दुसऱ्याच दिवशी अर्जाची प्रत पालिकेच्या पशुविभागाकडे रवाना झाली, आणि नोटिशीच्या चौदाव्या दिवशी सकाळी खाली जाळीची गाडी उभी राहिली. निरीक्षक वर आले. मागे सेक्रेटरी, त्यांच्या मागे कंपाउंडर, आणि जिन्यात शिकवणीच्या बाई.

"शिवणारे आपणच?" निरीक्षकांनी विचारलं.

"मीच. बायकोचा हात दुखावलाय, त्यामुळे नाइलाजाने मलाच हात घालावा लागला."

"याचं काही शिक्षण?"

"शिक्षण कसलं. ती बाजूला बसून सांगते, मी शिवतो. पहिले एक-दोन बिघडले. आता हात बसलाय."

"बिघडलेल्यांचं काय केलंत?"

"उसवले. कापूस काढून घेतला आणि पुढच्यात भरला. वाया कशाला घालवायचा?"

सेक्रेटरींनी भिंतीचा आधार घेतला.

"भरता कुठून?" निरीक्षकांचा आवाज जरा खाली आला होता.

"पोटातून. आधी शेपटीकडून भरून पाहिला, पण आत जात नाही. पेन्सिलीने ढोसावा लागतो."

"आणि त्या वेळी कुत्रा हलत नाही?"

"हलतो कसला? दोन-दोन तास पायाशी पडून असतो."

"भूल कोण देतं?"

"भूल कशाला द्यायची? त्याला मनापासून आवडतं ते."

निरीक्षकांनी पेन मिटलं. तेवढ्यात आतून बायको हाताला लागले ते तेरा नग सुपात घालून बाहेर आली आणि सूप तिने टेबलावर ठेवलं. "अहो, खेळण्यांबाबत सांगा," ती म्हणाली. "तेवढंच सांगायचं राहिलंय तुमचं."

सुपाकडे आणि अर्जाकडे आळीपाळीने बघत निरीक्षकांना सगळा उलगडा झाला. ते हसले नाहीत. सरकारी माणूस होता. त्यांनी बॉबिनला लांबून सगळीकडून पाहिलं आणि वहीत लिहिलं : 'कुत्रा अखंड आहे. टाके आढळले नाहीत.' मग एकेक नग उचलून ते उजेडात निरखू लागले. बाबतराव शेजारी उभे राहून क्रमांक सांगत होते. त्यांना वाटलं, शेवटी कामाची दखल घेणारा माणूस भेटला.

"याच्याशी कुत्रा खेळतो म्हणता?"

"दिवसभर."

"एकालाही दात लागलेला नाही," निरीक्षक म्हणाले. "लाळेचा डाग नाही. हे कुत्र्याने तोंडात धरलेलंसुद्धा नाही."

बाबतरावांनी सुपातला उंदीर उचलला, मासा उचलला, उलटसुलट करून पाहिलं. खरंच, दुकानातून नुकते आणल्यासारखे कोरे होते. आणि जणू पुरावा द्यायलाच दाराशी बसलेल्या बॉबिनने तीनदा भुंकून कान टवकारले. त्याच्या पुढ्यात तीन नग टाकून झाले. त्याने पाय आखडून घेतले.

"मशीनवर बसा," बायको हळूच म्हणाली.

"कशाला? कापड कुठाय?"

"नुसतं चालवा. दोरासुद्धा घालू नका."

बाबतराव बसले. रिकामं मशीन खडखडू लागलं. बॉबिन उठला, निरीक्षकांच्या पायांना वळसा घालून मशीनखाली गेला आणि पायडलला पाठ लावून त्याने डोळे मिटले.

"हा शिंप्याकडे वाढलाय का?" निरीक्षकांनी विचारलं.

"माझे भाऊ शिंपी होते," बाबतराव म्हणाले. कोणासमोर हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. कचेरीत ते नेहमी 'भावाचा कापडाचा व्यवसाय आहे' असं सांगायचे. बोलताना त्यांचा पाय थांबला नाही, पण कान लाल झाले. चौदा नगांचं कर्तृत्व एका क्षणात पायडलच्या नावावर जमा झालं होतं, आणि ते चौघांच्या साक्षीने.

"एक मात्र त्याने वापरलेलं दिसतंय," निरीक्षक खाली वाकून म्हणाले. मशीनखाली बॉबिनने हनुवटी टेकली होती ती राखाडी हाडावर. ते तेवढं मळलेलं होतं. "यावर काही लिहिलंय. धा. चोवीस."

"धारिका क्रमांक," बाबतराव म्हणाले.

"धारिका?" बायको जवळ आली. तिने वाकून वाचलं, आणि मग उभं राहायच्या ऐवजी ती तिथेच जमिनीवर बसली. "अहो, शिंपी कशाला धारिका ठेवील? चोवीस ही बाहीची लांबी आहे. आणि धा. म्हणजे धाकटा. दादा तुम्हाला दुसरं काय म्हणायचे?"

मशीन थांबलं. बॉबिनने डोळे उघडले.

गाठोड्याच्या तळाचा खाकी कागद बायकोने एका हाताने सोडवला. आत त्याच राखाडी कापडाचे तुकडे होते. पाठ, दोन पुढचे भाग, कॉलर, दुसरी बाही. सगळ्यांवर खडूने 'धा.' आणि आकडे. वरती एक चिठोरं होतं, त्यावर बाबतरावांच्या निवृत्तीची तारीख होती आणि 'आधी दोन दिवस तयार पाहिजे' एवढंच लिहिलेलं. काचेच्या दुकानातला कोट आला त्याच्या आधीच हा बेतून झाला होता. माप घ्यायला दादांनी कधी बोलावलं नव्हतं. त्यांना ते पाठ होतं.

"मी त्याची बाही कापली," बाबतराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, आणि तो पुसायचा सोडून डोळेच पुसले. इतक्या माणसांपुढे आपण रडतो आहोत हे त्यांना कळत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

पहिल्यांदा बोलल्या त्या जिन्यातल्या शिकवणीच्या बाई. "सकाळी दहा ते बारा माझी मोठी मुलं असतात. त्यांचे पाढे झालेत. चालू द्या त्या वेळात." सेक्रेटरींनी खिशातली शिट्टी चाचपली आणि परत नीट ठेवली. कोट शिवून होईपर्यंत मुदतवाढ द्यायला हरकत नाही, म्हणाले. जास्तीत जास्त एक महिना. पुढे भुंकणं सुरू झालं तर मात्र नाइलाज. आणि सुधारित अर्ज हवा, त्यात कुत्रा आणि शिवणे हे दोन शब्द एकमेकांना चिकटून असता कामा नयेत. बाबतरावांनी तीन ओळींचा विषय लिहून दिला. कुठलाही शब्द कापला नाही.

कोट शिवणं म्हणजे उंदीर शिवणं नव्हे. बायको शेजारी बसून सांगायची आणि बाबतराव ऐकायचे. सुलट बाजू समोरासमोर म्हटलं की समोरासमोर, आतलं बाहेर काढा म्हटलं की बाहेर. नियम कुठे लिहिलाय हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कॉलर चार वेळा उसवली. खांद्याला सात दिवस लागले. मशीनखाली बॉबिन पडलेला असायचा, आणि संध्याकाळी मशीन बंद असलं तरी पूर्वीइतका भुंकत नसे. पण भुंकायचा. कोट संपला की मशीन कशासाठी चालवायचं, हा विचार बाबतरावांना दर टाक्याला छळत होता. म्हणून शेवटचे काही दिवस ते फार हळू शिवत होते. बायकोने ते ओळखलं होतं, आणि ती कात्री मुद्दाम हरवून ठेवत होती.

तरी महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी कोट झाला. एका बाहीचा. गेलेली बाही बॉबिनच्या हनुवटीखाली होती आणि ती काढून घ्यायची कोणाची छाती नव्हती.

बाबतराव आरशापुढे उभे राहिले आणि त्यांनी तो अंगात घातला. उजवा हात राखाडी बाहीत गेला, डावा नुसता सदऱ्यात राहिला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, मागे केले, वर केले. चार वर्षांपूर्वीच्या अंगाचा बेत होता, पण दादांना पुढचं पोटही दिसलं असावं.

"ओढतोय का खांद्यात?" बायकोने विचारलं.

"नाही," बाबतराव म्हणाले. "अजिबात नाही." आणि ते पलंगाच्या काठावर बसले.

मशीन बंद होतं. घरात कसलाच आवाज नव्हता. सेक्रेटरी संध्याकाळी यायचे होते. बॉबिन मशीनखालून उठला. तो दाराशी जाणार हे ठरलेलंच होतं, म्हणून बाबतरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, हातही पुढे केला नाही. बॉबिन दारापर्यंत गेला. तिथे थांबला, वळला, आणि सावकाश परत आला. त्याने कोटाच्या कडेचा वास घेतला, मग शिवणीचा. मग हातभर अंतर ओलांडून त्याने बाबतरावांच्या उघड्या डाव्या तळहातात आपलं ओलं नाक ठेवलं आणि त्याच्यामागोमाग सगळं डोकंच ठेवलं.

बाबतराव बराच वेळ हलले नाहीत. मग डावा हात तसाच ठेवून त्यांनी उजव्या हाताने रजिस्टर ओढलं. चौदाव्या नगाखाली पंधरावा लिहिला : कोट, बाही एक. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'कुत्रा शिवला.'

बायकोने त्यांच्या खांद्यावरून वाकून ते वाचलं. तिने पदराने नाक पुसलं.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "फक्त सेक्रेटरींना हे पान दाखवू नका."